सत्तेचाळीस नंबरची मेंढरं

सोमेश्वर सिदू देवकते हे एका वीज कंपनीचे उपाध्यक्ष आहेत. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ती दर तीन-चार वर्षांनी विकली जाते आणि नव्या मालकाला जुनं नाव आवडत नाही. साहेबांच्या खणात चार वेगवेगळ्या कंपन्यांची व्हिजिटिंग कार्डं आहेत. खुर्ची मात्र पहिल्यापासून एकच आहे, फक्त तिचं एक चाक मध्ये बदललं. तेव्हा आपण तिला नुसतं कंपनी म्हणू. ती वाऱ्यापासून आणि उन्हापासून वीज तयार करते. या दोन्ही वस्तू बीड जिल्ह्यात पूर्वीपासून मुबलक आहेत, आणि त्या विकता येतात हे कळेपर्यंत जिल्हा त्यांना नावं ठेवत होता.

पुण्यात बाणेरच्या ऑफिसात साहेबांच्या दारावर ‘उपाध्यक्ष, जमीन व संपर्क’ अशी पाटी आहे. गावाकडं हुद्दा याहून सोपा आहे. तिथं ते ‘लाईटीतले साहेब’. त्यामुळं वस्तीवरचा डीपी जळाला की पहिला फोन त्यांना येतो. आपली कंपनी वीज फक्त तयार करते, घरोघर पोचवायचं काम दुसऱ्यांचं, हे साहेबांनी अनेकदा समजावून सांगितलं आहे. लोक शांतपणे ऐकून घेतात, त्यांना ते पटतंही, आणि मग ते विचारतात की मंग वायरमनला कवा पाठिवता.

जमीन व संपर्क म्हणजे काय, हेही सांगायला हवं. पवनचक्कीची पाती एका देशातून येतात, यंत्र दुसऱ्या देशातून येतं, पैसा कुठून येतो ते कुणी विचारत नाही. पण हे सगळं उभं राहायला जागा इथलीच लागते, आणि ती कुणाच्या तरी बापाची असते. त्या बापाच्या लेकाशी जाऊन बोलायचं, हे साहेबांचं काम. वीस-बावीस वर्षं ते हेच करत आले आहेत.

या कामाचं शिक्षण त्यांनी कुठं घेतलं, असा प्रश्न पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात त्यांना विचारला गेला होता. साहेबांनी पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवून तासभर भाषण केलं. पोरांनी ते लिहून घेतलं. खरं उत्तर वर्तुळात बसण्यासारखं नव्हतं.

सोमेश्वर हे परळी तालुक्यातल्या एका डोंगरवस्तीवरच्या धनगराचे चिरंजीव. वडील सिदू, आई दगडाबाई. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून हे कुटुंब मेंढरांमागं निघायचं ते मृगाच्या तोंडाला परत यायचं. मधले सात महिने रोज नवं गाव आणि नवा शेतकरी. सुगी संपून रान रिकामं झालं की शेतकऱ्याला त्यात मेंढरं बसवून हवी असतात. रातभर कळप रानात बसतो, लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, पुढच्या सालाची ज्वारी डोक्याच्या वर जाते. बदल्यात धनगराला धान्य मिळतं आणि शेतकऱ्याच्या घरचं जेवण. हा व्यवहार सिदू रोज करायचे. म्हणजे अनोळखी माणसाच्या बांधावर जायचं, उकिडवं बसायचं, तंबाखू पुढं करायची, बैलांची चौकशी करायची, पाहुण्यारावळ्यांची ओळख काढायची, आणि शेवटी जणू सहज आठवलं म्हणून जागेचा विषय काढायचा. आश्रमशाळेला सुट्टी लागली की सोमेश्वर बाजूला बसून हे ऐकत असत. आता हेच काम ते इनोव्हा गाडीतून उतरून करतात. फरक एवढाच की मेंढरं सकाळी उठून जात आणि टॉवर उठत नाहीत.

मधल्या काळात त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि परळीच्या थर्मलला एका ठेकेदाराकडं नोकरीला लागले. काम कोळशाच्या पट्ट्यावर होतं. वर्षभर त्यांच्या कुठल्याच सदऱ्याचा मूळ रंग कुणाला दिसला नाही. मग डोंगरावर वारा मोजायला काही इंजिनिअर आले. त्यांच्याकडं जागा अचूक दाखवणारं यंत्र होतं, आणि यंत्रानं दाखवलेल्या अचूक जागी एक म्हातारा काठी घेऊन उभा होता. दोन दिवस इंजिनिअर इंग्रजीत आणि म्हातारा मराठीत बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सोमेश्वरला बोलावलं. तो म्हाताऱ्याजवळ उकिडवा बसला. संध्याकाळी वारा मोजायचा खांब म्हाताऱ्यानंच धरून उभा केला. त्या दिवसापासून सोमेश्वर वाऱ्याच्या धंद्यात आहेत.

अधिकारी, मॅनेजर, जनरल मॅनेजर, उपाध्यक्ष. पायऱ्या चढत गेले. लग्न झालं. पत्नी मोहिनी शाळेत गणित शिकवतात आणि नवऱ्याच्या धंद्यात कुठलंच गणित सुटत नाही असं त्यांचं मत आहे. बाणेरला फ्लॅट झाला. दगडाबाई तिथं आठ दिवसांसाठी येतात आणि चौथ्या दिवशी वॉचमनला विचारतात की बिल्डिंगमागचं एवढं मोठं रान कुणाचं, आणि तिथं कुणी मेंढरं कावून बसवीत न्हाई. पाचव्या दिवशी त्या परत जातात.

या सगळ्या चढाईत साहेबांना एका गोष्टीचा अभिमान होता. तो त्यांनी कधी भाषणात सांगितला नाही, पण जिल्हाभर माहीत होता. वीस वर्षांत त्यांनी एकही खांब पोलीस उभे करून रोवला नव्हता. कायद्यात तशी सोय आहे. वरून हुकूम आणायचा, बंदोबस्त घ्यायचा आणि शेतकरी बघत असताना खड्डा खणायचा. बाकीच्या कंपन्या ते करतात. देवकते साहेबांनी केलं नाही. त्यामुळं कुठल्याही गावात त्यांची गाडी शिरली की माणसं पाणी घेऊन पुढं येतात, हे खरोखरचं वैभव होतं आणि ते कुठल्याही पगाराच्या चिठ्ठीत दिसत नव्हतं.

हे वैभव गेल्या उन्हाळ्यात सत्तेचाळीस नंबरवर येऊन अडकलं.

कंपनीनं डोंगरावरच्या पवनचक्क्यांची वीज मोठ्या ग्रिडला नेऊन सोडायला एक लाईन घेतली होती. ओळीनं टॉवर. सगळे उभे राहिले, फक्त सत्तेचाळीसचा राहिला. तो धर्मापुरीच्या शिवारात उत्तरेश्वर आबांच्या रानात येत होता. आबा सत्तरीचे, ताठ, टोपी पांढरी शुभ्र. कंपनीचे लोक गेले की ते खाट टाकत, चहा पाजत, सगळं ऐकून घेत आणि नाही म्हणत. मोबदला वाढवला तरी नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, कारण हाय. पुढं काही नाही.

लाईन जूनअखेर चालू झाली नाही तर सरकारी सवलत जाणार होती. गुरगावचे मोठे साहेब रोज व्हिडिओवर यायचे. हे साहेब कधी आवाज चढवत नाहीत. राग आला की ते नावापुढचे ‘जी’ वाढवतात. मेच्या सुरुवातीला ते ‘सोमेश्वरजीजी’पर्यंत पोचले आणि म्हणाले की महिन्याच्या मध्यापर्यंत वाट बघू, नंतर बंदोबस्ताचा अर्ज जाईल आणि त्यावर सही तुमची असेल.

सोमेश्वर स्वतः धर्मापुरीला गेले.

खाट आली, चहा आला. साहेबांनी बैलांची चौकशी केली. आबांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतल्याला बराच काळ झाला होता, पण विचारलं त्याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग पाहुण्यांची ओळख निघाली.

“देवकते म्हनला? कुणातलं देवकते?”

“डोंगरवस्तीवरचं, आबा. सिदू देवकत्याचा पोरगा मी.”

आबांनी बशी खाली ठेवली. साहेबांकडं नीट पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडं, मग गाडीकडं.

“मंग तुझ्या बापाची मेंढरं कुठं हायेत?”

“वडील वारले, आबा. बरीच वर्सं झाली.”

“ते ऐकलंय मी. बाप कुठाय म्हनून न्हाई इचारलं. मेंढरं कुठं हायेत म्हनून इचारलं.”

मग गोष्ट बाहेर आली. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी सिदूनं याच बांधावर बसून शब्द दिला होता की पाडवा झाला की तुमच्या रानात मेंढरं बसवतो. आबांनी रान मोकळं ठेवलं. दुसरा एक धनगर विचारायला आला, त्याला परत पाठवलं. गावात सांगून झालं की यंदा आपल्याकडं सिदूची मेंढरं. पाडवा झाला, हनुमान जयंती झाली, रोहिणी निघाल्या. सिदू आला नाही, निरोपही नाही. परत पाठवलेला धनगर शेजारच्या बंकटच्या रानात बसला होता. पुढच्या सुगीत बंकटची ज्वारी आबांच्या बांधावरून आत डोकावत होती. बंकट अजून जिवंत आहे आणि पारावर बसला की अजून त्या ज्वारीचा विषय काढतो.

“त्याच्या ज्वारीनं माझ्याकडं बघून हसावं, आं? आता तू आलास माझ्या रानात लोखंड उभं करायला. तुझ्या घरानं माझ्याकडून जागा मागायची ही दुसरी खेप हाय. पहिल्याचं काय झालं ते आधी सांग.”

वीस वर्षांत पहिल्यांदाच ते चहा अर्धा ठेवून उठले.

आता इथं साहेबांनी जी चूक केली ती मेंढरांत वाढलेल्या आणि बाणेरला राहिलेल्या माणसालाच करता येते. त्यांना वाटलं, आबांचं नुकसान खताचं झालं. तर खत देऊन टाकू. त्यांनी दोन ट्रॉल्या उत्तम लेंडीखत मागवलं, चाळलेलं, वास न येणारं. कंपनीच्या समाजकार्य विभागानं उत्साहानं ट्रॉलीला फलक लावला: ‘बळीराजाला हरित भेट’. फलकावर पवनचक्की हसत होती. ट्रॉल्या धर्मापुरीत शिरल्या तेव्हा बंकट पारावरच होता.

आबांचा फोन आला. आजवर त्यांनी कंपनीला केलेला हा पहिला फोन.

“लेंड्या आल्या. मूत कुठाय?”

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दुकानातून आनलेल्या लेंड्या मला न्हाई घालता येत व्हय रे? रानात कळप बसला पायजे, खुरानं माती हलली पायजे, तुझ्या मायनं माझ्या बायकूच्या हातची भाकर खाल्ली पायजे. ही काय रीत हाय, फलक लावून खत धाडायची? बंकटनं फोटू काढला फलकाचा.”

ट्रॉल्या तशाच परत आल्या. खत शेवटी बाणेरच्या ऑफिसच्या कुंड्यांत गेलं आणि तिथली मनी प्लांट त्या उन्हाळ्यात छतापर्यंत पोचली.

साहेबांना मुद्दा कळला. त्यांनी रीतसर मार्गानं जायचं ठरवलं, म्हणजे कंपनीच्या. ‘सत्तेचाळीस नंबरच्या जागेवर मेंढ्या बसवणे’ असं काम काढून खरेदी विभागाकडं पाठवलं. खरेदी विभागानं कळवलं की तीन कोटेशनं लागतील, आणि मेंढ्या परत करण्याजोग्या आहेत की वापरून संपणाऱ्या ते स्पष्ट करावं. सुरक्षा विभागानं आठवण दिली की साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आणि बूट सक्तीचे आहेत. साहेबांनी उत्तर लिहिलं की ती अजून साइट झालेली नाही, सध्या ते आबांचं रान आहे, त्यामुळं हेल्मेटची अट तूर्त लागू नये. हे त्यांनी गंभीरपणे लिहिलं आणि गंभीरपणे मान्यही झालं. कोटेशनचा मुद्दा मात्र राहिला.

त्या रविवारी साहेब वस्तीवर आईकडं गेले आणि बोलता बोलता सगळं सांगितलं. दगडाबाई चुलीपुढं होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी तवा उतरवला.

“तुझ्या बापाचा शब्द कंपनी कावून फेडंल?”

“आई, टॉवर कंपनीचा हाय.”

“टावर कंपनीचा असंल. शब्द तुझ्या बापाचा हाय.” मग म्हणाल्या, “आन् तुझाबी हाय. त्या साली पाडव्याच्या आधी मेंढरं इकली. तुझ्या डिप्लोम्याला. सगळी न्हाई, पर उरली तेवढी कुणाच्या रानात बसवली तर लोक हसले असते. तुझा बाप त्या वाटंनं परत गेलाच न्हाई. वळसा घालून जायचा.”

सोमेश्वरना तो वळसा आठवला. लहानपणीचा रस्ता सोडून बापानं पुढं कायम लांबून का नेलं, याचं कारण त्यांना आजवर चारा वाटत होतं. त्यांनी खरेदी विभागाला दिलेलं काम फोनवरच मागं घेतलं.

घरची मेंढरं आता नव्हती, पण चुलतभाऊ नाथाकडं चांगला दोनशेचा कळप होता. नाथा त्या वेळी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गेवराई तालुक्यात चकलांब्याच्या शिवारात उतरला होता. चालत यायचं म्हटलं तर महिन्याचा मध्य निघून जाणार. साहेबांनी आयशर गाड्या ठरवल्या. नाथा फोनवर खूप वेळ हसला.

“बे सोम्या, मेंढरं गाडीत घालून नेतूस व्हय? मंग एसी बी लाव की.”

पण आला. दगडाबाई स्वतः चकलांब्याला जाऊन कळपासोबत पुढच्या गाडीत बसल्या. ड्रायव्हरनं नंतर सांगितलं की म्हातारीनं वाटेत त्याला चार वेळा गाडी हळू घ्यायला लावली आणि एकदाही स्वतःसाठी थांबायला सांगितलं नाही.

दुपार कलायच्या सुमाराला गाड्या धर्मापुरीत पोचल्या. आबा बांधावर उभे होते, त्यांच्या पत्नी वत्सलाबाई मागं, आणि योगायोगानं बंकटही. गाडीचा मागचा फाळका उघडला. मेंढरं उतरली, एकमेकांना चिकटून गोल उभी राहिली आणि खाली मान घालून गप्प झाली. पोटं आत गेलेली. आबा गाडीत डोकावले. जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, एवढ्या वाटेत मेंढरांनी जे काही द्यायचं ते सगळं गाडीला देऊन टाकलं होतं.

“माल तर गाडीतच उतरला की सगळा,” आबा म्हणाले.

त्यांनी ड्रायव्हरला गाडी रानातच झाडायला लावली. ड्रायव्हरची मुळीच हरकत नव्हती. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. रिकाम्या पोटाची मेंढरं बसवून काय उपयोग? आधी ती चरली पाहिजेत. सोमेश्वर मनात महिन्याचे दिवस मोजत होते. दगडाबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या वेळी काय झालं होतं, याचं अवाक्षर काढलं नाही.

“दादा, कुठं कुठं बसायचं न्हाई ते सांगा. बाकी आमी बघतो.”

आबांनी हात करून दाखवलं. लिंबाखाली गोठा, तिथं नको. भाजीच्या वाफ्याकडं नको. दगडाबाईंनी मान हलवली आणि नाथाला हाक मारली. तीन रात्री कळप राहायचं ठरलं. हे कुणी ठरवलं ते कळलं नाही, पण वत्सलाबाईंनी त्याच वेळी येसराच्या आमटीचं पातेलं मोठं काढलं.

दिवसा कळप जुन्या देवळामागच्या माळावर चरायचा, बाभळीच्या शेंगा खायचा आणि दिवस मावळला की पोटं फुगवून रानात यायचा. सोमेश्वर परळीला लॉजवर उतरले होते, पण जेवायला आबांकडंच. गुरगावचा रोजचा व्हिडिओ ते माळावरून करत. मोठ्या साहेबांनी मागं काय चाललंय ते विचारलं. सोमेश्वर म्हणाले, जागेची तयारी चालू आहे. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा साहेबांना घेऊन रानातून फिरायला निघाले. माती ओली दिसत होती, खुरांनी उकरलेली. आबा मध्येच वाकायचे, चिमूट उचलायचे, टाकून द्यायचे. असं दोन-तीनदा झाल्यावर म्हणाले,

“वत्सलानं काल तुझ्या मायकडून सगळं काढून घेतलं. भाकऱ्या थापताना.”

सोमेश्वर चालता चालता थांबले.

“मला त्या टायमाला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्याला? पोराच्या शाळंसाठी इकली म्हनला असता, मी गप बसलो असतो.” आबा थोडे पुढं गेले आणि वळले. “म्हंजे माझ्या रानाचं खत तुझ्या डोक्यात गेलं म्हन की.”

“हां, आबा.”

“आन् पीक कंपनीनं नेलं.”

आबा स्वतःच हसले. त्यांना हसताना कंपनीच्या माणसानं पाहिल्याची ही पहिली नोंद.

तिसरी रात्र सरली. सकाळी कळप उठला. वत्सलाबाईंनी दगडाबाईंच्या हातात नव्या लुगड्याची घडी ठेवली, ज्वारीचं एक चुंगडं नाथाच्या गाडीत ठेवलं. बंकटनं बांधाच्या पलीकडून विचारलं की कळप आता माझ्याकडं बसतो का. आबांनी सांगितलं की नाथाला वेळ नाही. नाथाला वेळ होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. आबांचा चेहरा पंचवीस वर्षांनी तरुण दिसत होता.

ही वेळ योग्य आहे असं सोमेश्वरना वाटलं. ते आबांजवळ बसले, संमतीचे कागद काढले, पेन पुढं केलं. आबांनी पेनकडं पाहिलं.

“ह्ये कशाचं?”

“टॉवरचं, आबा.”

“टावरचं? ह्यो तर तुझ्या बापाचा शब्द फिटला. झालं ते. टावरचं बोलनं आपलं अजून सुरूच कुठं झालंय?”

उपाध्यक्षांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवले. अर्ज जायला मोजकेच दिवस उरले होते. वीस वर्षांत एकही खांब पोलीस उभे करून रोवला नाही, हे वाक्य आता मागच्या काळात घालावं लागणार, असं त्यांना दिसू लागलं. मॅनेजमेंट कॉलेजातल्या बाणांपैकी एकही बाण उपयोगाचा नव्हता. दगडाबाई गाडीत चढायच्या बेतात होत्या. त्यांच्याकडं बघताना सोमेश्वरना सुचलं ते त्यांनी तसंच विचारलं.

“आबा, टॉवर कुठं नको ते सांगा.”

आबांना हा प्रश्न कंपनीकडून कुणी विचारला नव्हता. कंपनीनं दरवेळी ड्रॉइंग दाखवलं होतं आणि ड्रॉइंगवर टॉवर रानाच्या बरोबर मधोमध होता. ड्रॉइंग उपग्रहाच्या फोटोवरून झालं होतं, आणि उपग्रहाला काही तिथं ट्रॅक्टर फिरवायचा नसतो.

“मधी तर न्हाईच,” आबा म्हणाले. “ट्रॅक्टर कसा फिरवू? हिरीकडं न्हाई. आंब्याकडं न्हाई, आंबा माझ्या आईनं लावलाय. वाटंला न्हाई. लिंबाकडं न्हाई. गोठ्यामागं न्हाई, म्हस बुजंल.”

प्रत्येक ‘न्हाई’ला सोमेश्वर मान हलवत होते. आबा दिशा दाखवत दाखवत गोल फिरले आणि पूर्वेच्या कोपऱ्याशी येऊन थांबले. हात वर राहिला. तिथं मातीच्या वर आलेला काळा खडक होता. त्यावर कधी काही उगवलं नव्हतं. मेंढरंसुद्धा तिथं बसली नव्हती.

आबांनी हात खाली घेतला. आपण सगळं रान वाचवता वाचवता एक जागा देऊन बसलो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते सोमेश्वरच्या लक्षात आलंय हेही.

“तुझा बाप असाच मागायचा जागा,” ते म्हणाले. “तिथं खडक हाय. काय करायचं ते कर तिथं. पर माझा बांध मोडायचा न्हाई.”

“न्हाई मोडणार.”

“आन् फलक लावायचा न्हाई.”

मग पेन घेतलं.

इंजिनिअर लोकांनी संगणकावर पाहिलं तर कोपरा लाईनच्या रेषेतच येत होता, फक्त थोडा पुढं. आधीच्या आणि नंतरच्या टॉवरपर्यंतचं अंतर जरा कमी-जास्त झालं, बस. खडक टॉवरच्या पायाला चांगला आणि खणणाऱ्याला वाईट. खणणाऱ्यानं बरंच काही बोलून घेतलं. टॉवर उभा राहिला. बंदोबस्ताचा अर्ज निघालाच नाही. मोठ्या साहेबांचा ‘जी’ एकावर आला आणि नंतर तोही गेला, म्हणजे ते खूश होते. ऑगस्टमध्ये कंपनी पुन्हा विकली जायची होती. नव्या मालकांना दाखवायच्या गोष्टींच्या यादीत लाईनच्या खालोखाल देवकत्यांचं नाव होतं.

जूनच्या शेवटी लाईन चालू करायचा दिवस आला. गुरगावला मोठ्या पडद्यासमोर नारळ फुटणार होता. साहेबांनी कंट्रोल रूममध्ये असावं अशी सूचना होती. ते सत्तेचाळीस नंबरखाली होते. आबांनी बोलावलं होतं, म्हणून मोहिनीबाईही आल्या होत्या आणि आत वत्सलाबाईंकडून आमटीच्या येसराचं, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याचं, प्रमाण विचारत होत्या. ते प्रमाण ‘अंदाजानं’ असल्यामुळं गणिताच्या बाई अडचणीत आल्या होत्या.

रानात सोयाबीन वीतभर झालं होतं. काळपट हिरवं, सरळ रांगेत. बांधापलीकडं बंकटचंही होतं. त्याबद्दल आबा काही बोलले नाहीत, फक्त पाहुण्यांना आधी तिकडं उभं करून मग इकडं आणलं.

फोन वाजला. लाईन सुरू झाली होती. वर तारांतून बारीक गुंजल्यासारखा आवाज येत होता. आबा मान वर करून ऐकत राहिले.

“चालली का?”

“चालली.”

“ह्यातून माझ्या मोटारीला लाईट येती का?”

सोमेश्वरांनी खरं सांगितलं. “न्हाई, आबा. ही मोठी लाईन हाय. इथली वीज लांब जाते, दुसऱ्या राज्यात.”

“आन् मी मोटार चालू करायला रातच्याला उठायचं ते उठायचंच?”

“ते दुसऱ्या खात्याकडं हाय.”

आबांनी डोंगराकडं पाहिलं. वर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. तिथून टॉवरांची ओळ उतरत त्यांच्या कोपऱ्यापर्यंत आली होती आणि पुढं दिसेनाशी होईपर्यंत जात होती.

“म्हंजे तुझीबी मेंढरंच की रे सोमा,” ते म्हणाले. “चरायची आमच्या डोंगरावर, आन् बसायची दुसऱ्याच्या रानात.”

उपाध्यक्ष म्हणून त्यांच्याकडं तीन उत्तरं तयार होती, आणि सिदू देवकत्याचा मुलगा म्हणून एकही नव्हतं. तेवढ्यात आतून वत्सलाबाईंनी जेवायला हाक मारली. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल, जेवून घे, मंग वायरमनला फोन लाव.